शहर आत वाढू द्या, शिवार राहू द्या: बेळगाव आणि सीमाभागातल्या नगररचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या गल्ल्यांत, पंचांच्या बैठकीत, कॉलन्यांच्या रहिवासी संघांत आणि शिवाराच्या बांधावर हे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून ही मांडणी केली आहे. भूमिका सुरुवातीलाच सांगतो. शहरानं आधीच बांधलेल्या जमिनीवर, आतल्या आत दाट व्हावं. त्या बदल्यात शिवार, नाले, तलाव आणि जुनी झाडं यांना हात लागू नये. पुढची उत्तरं याच भूमिकेतून लिहिली आहेत.

शहर वाढणारच आहे. मग ते उंच वाढावं की आडवं पसरावं?

थोडं गणित करून पाहू. समजा एक हजार कुटुंबांना घरं हवी आहेत. प्रत्येकाला आपल्याकडचा नेहमीचा तीस बाय चाळीसचा प्लॉट दिला, तर नुसत्या प्लॉटांनाच साडेसत्तावीस एकर लागतात. रस्ते, गटारं, बाग, शाळा धरली तर पन्नासेक एकर जमीन जाते. तीच हजार कुटुंबं तळमजला आणि वर तीन मजले अशा इमारतींत, प्रत्येकी नऊशे चौरस फुटांच्या घरांत राहिली, तर इमारतींखाली जेमतेम सव्वापाच एकर जमीन झाकली जाते. प्रत्येक इमारतीभोवती तेवढीच जागा मोकळी सोडली आणि वर रस्ते, बागा धरल्या, तरी वीस एकरांत काम भागतं.

तीस एकर वाचले. हे तीस एकर कुठले, तर अनगोळ, वडगाव, येळ्ळूर, हलगा, कंग्राळी, हिंडलगा इथल्या शेतांतले, कारण शहराला पसरायला दुसरी जागाच नाही. म्हणून ‘दाट वस्ती विरुद्ध हिरवळ’ असा सामना लावणं मला चुकीचं वाटतं. चार मजल्यांची इमारत बघून अनेकांना शहर बिघडल्यासारखं वाटतं. खरं नुकसान बैठ्या घरांच्या लांबच लांब लेआउटमध्ये होतं, आणि ते एक-एक प्लॉट करत होत असल्यामुळे डोळ्यांत भरत नाही.

पण इमारत आली की झाडं जातात, हे तर आम्ही रोज बघतोय.

बरोबर बघताय. जुन्या टिळकवाडीत, हिंदवाडीत एका बंगल्याभोवती दोन आंबे, एक फणस, एखादा नारळ, विहीर आणि परडं असायचं. बंगला पाडून अपार्टमेंट उभं राहिलं की कुंपणापासून कुंपणापर्यंत काँक्रीट पडतं. मोकळी जागा पार्किंगला जाते आणि उरलेल्या पट्टीवर पेव्हर बसतात.

यात दोष मजल्यांच्या संख्येचा नाही. इमारतीखाली प्लॉटचा किती भाग झाकायचा आणि चारी बाजूंना किती जागा सोडायची, हे नियमांत ठरलेलं असतं. सोडलेली जागा मातीचीच असली पाहिजे यावर मात कुणी ठाम राहत नाही. फरशीखालची मोकळी जागा कागदावर मोकळीच दिसते, पण तिच्यात ना पाणी मुरतं, ना मूळ शिरतं. माझ्या मते बांधकाम परवान्यातली सगळ्यात महत्त्वाची अट हीच असायला हवी: प्लॉटचा ठरावीक भाग उघड्या मातीचा राहील, आणि जुनं झाड असेल तर इमारतीचा नकाशा त्या झाडाभोवती आखला जाईल. ही अट घालून एखादा मजला जास्त दिला, तरी माझी हरकत नाही.

एफएआर म्हणजे नेमकं काय?

प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. महाराष्ट्रातले नातेवाईक ज्याला एफएसआय म्हणतात, तेच इकडे एफएआर. बाराशे चौरस फुटांचा प्लॉट आणि एफएआर समजा १.७५ असेल, तर सगळे मजले मिळून एकवीसशे चौरस फूट बांधता येतं. हा आकडा रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार आणि जागेचा वापर यांवर बदलतो. तो वाढवणं म्हणजे शहराला दाट व्हायला परवानगी देणं. ती कुठे द्यायची, हा खरा राजकीय निर्णय आहे.

मग दाट वस्ती कुठे व्हावी आणि कुठे नको?

जिथे रस्ता रुंद आहे, बस धावते, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन आहे, तिथे व्हावी. खानापूर रोड, काँग्रेस रोड, रेल्वे स्टेशनचा परिसर, महांतेशनगरसारख्या आखून वसवलेल्या वसाहती. रामतीर्थनगरसारख्या वसाहतींत घरांच्या मधोमध अजूनही रिकामे प्लॉट दिसतात. गुंतवणूक म्हणून घेतले, वर गवत वाढलं. रस्ता, वीज, नळ यांचा खर्च तिथे आधीच झालेला आहे. ते भरण्याआधी नवं शेत फोडायचं, हे मला पटत नाही. रिकाम्या प्लॉटवरचा कर दरवर्षी चढता ठेवला तर मालक एक तर बांधतील किंवा विकतील.

जुन्या गावठाणाचं वेगळं. भांदूर गल्ली, कोनवाळ गल्ली, रामलिंग खिंड गल्ली, शहापूरच्या गल्ल्या या आधीच दाट आहेत. भिंतीला भिंत, दारासमोर दार. तिथे आणखी मजले चढवले तर उजेड, वारा आणि अग्निशमनाची गाडी, तिन्ही अडतात. आणि गावठाणात ‘मास्टर प्लॅन’ म्हटलं की लोकांना रस्तारुंदीत गेलेली घरंच आठवतात, त्यामुळे तिथे कुठलीही नवी योजना आधी गल्लीच्या पंचांसमोर ठेवली पाहिजे. त्या वस्तीला बाग द्यायला जागा नाही हे खरं. पण शाळांची मैदानं संध्याकाळी मुलांना उघडी करता येतात. देवळांची आवारं, बुजत चाललेल्या विहिरींभोवतीचे चौक, कपिलेश्वर तलावाचा काठ यांना सावली देता येते. एका गल्लीला पाच मोठी झाडं मिळाली तरी तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा उन्हाळा बदलतो.

आपल्या शहराला हिरवळ किती हवी? काही मोजमाप आहे का?

केंद्र सरकारच्या २०१४ सालच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिका हद्दीची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांच्या घरात होती. माणशी १० चौरस मीटर धरले तर ४८८ हेक्टर, म्हणजे सुमारे बाराशे एकर लागतात. तेही २०११ च्या डोक्यांप्रमाणे. महापालिकेची सगळी उद्यानं आणि मैदानं मनात आणून बघा, बाराशे एकर कुठे भरतायत का.

आणखी एक सोपं माप आहे. सेसिल कोनायनेंडाइक या शहरी वनाच्या अभ्यासकानं २०२१ मध्ये ते मांडलं. घराच्या खिडकीतून तीन मोठी झाडं दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. हे माप मला जास्त आवडतं, कारण एका मोठ्या उद्यानाच्या जोरावर सगळ्या शहराची सरासरी फुगवता येत नाही. कॅम्पात राहणारा तीनही कसोट्यांना उतरेल. खासबागच्या विणकर गल्लीतला किंवा उद्यमबागेजवळ खोली घेऊन राहणारा कामगार एकाही कसोटीला उतरणार नाही.

कॅम्पातली झाडं आहेतच की. ती शहराची हिरवळ म्हणून धरायची का?

हवेसाठी, पक्ष्यांसाठी, थंडाव्यासाठी जरूर धरायची. पण ती लष्करी छावणीची जमीन आहे. तिथे काय राहील आणि काय जाईल, हे बेळगावकरांच्या हातात नाही. छावण्यांचा नागरी भाग स्थानिक पालिकांत विलीन करण्याचं धोरण केंद्रानं स्वीकारलं आहे. बेळगावात ते प्रत्यक्षात येईल तेव्हा जुने बंगले, त्यांची प्रशस्त आवारं आणि शंभर वर्षांची झाडं महापालिकेच्या बांधकाम नियमांखाली येतील. तेव्हा घाईघाईत काही वाचवता येणार नाही. आजच प्रत्येक झाडाची नोंद, घेर, जागा आणि फोटो असं दप्तर तयार हवं.

व्हॅक्सीन डेपोसारखी सरकारी जागा नुसती पडून आहे. तिथे सुधारणा केली तर वाईट काय?

ती पडून नाही, काम करते आहे. टिळकवाडीच्या मधोमध जुनी झाडी, मोर, पक्षी, पाऊस मुरवणारी मऊ जमीन आणि पहाटे फिरायला येणारी माणसं. स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ साली बेळगावची निवड झाली. त्या योजनेतून डेपोच्या आवारात कामं निघाली तेव्हा नागरिकांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. तो विरोध विकासाच्या आड आलेला हट्ट होता असं मला वाटत नाही. असं आवार पुन्हा तयार करायला दोन पिढ्या लागतात. इमारतीला दुसरी जागा शोधता येते.

शिवार म्हणजे शेती. तिला ‘हरित जागा’ कसं म्हणता?

या प्रश्नाला थोडा वेळ द्यायला हवा, कारण बेळगावच्या नगररचनेतलं सगळ्यात मोठं दुर्लक्ष इथेच आहे. नकाशात बाग हिरव्या रंगात दाखवतात, आणि शेत म्हणजे पुढे कधीतरी बांधायची जमीन असं समजून चालतात.

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या पट्ट्यातलं शिवार भाताचं आहे. बेळगावची बासमती याच काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीनं नावारूपाला आणली. याच शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो. शहरातून येणारा लेंडी नालाही त्यालाच मिळतो. शहराच्या दक्षिण आणि पूर्व भागाचं पावसाचं पाणी शेवटी इथेच येतं. आता नुसता हिशेब बघा. भाताच्या एका एकरात बांधाआड सहा इंच पाणी थांबलं, तर ते सहा लाख लिटर होतं. शंभर एकरांत सहा कोटी. एवढं पाणी साठवायची टाकी बांधायची म्हटलं तर महापालिकेचं अंदाजपत्रक पुरणार नाही. आपला शेतकरी दरवर्षी ते फुकट करतो आणि वर पीक काढतो.

पण त्याला आपण काय देतो? नाल्यात गाळ, जलपर्णी आणि सांडपाणी. नाल्याचे काठ भराव टाकून आवळले, वर रस्ते आले, पूल अरुंद झाले. पाऊस वाढला की पाणी पुढे सरकत नाही, मागे शिवारात पसरतं आणि उभं भात कुजतं. रोप लावून पंधरवडा झाला नाही तोवर दुबार लावणी करायची वेळ येते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शहरातल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं, तेव्हा पाण्याला जागा लागते हे सगळ्यांना दिसलं. शिवारातली एकेक एकर भरावाखाली गेली की तिचं सहा लाख लिटर पाणी कुणाच्या तरी उंबऱ्याशी येणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही काठांचा पूर येणारा पट्टा आणि त्याला लागून असलेलं भातशिवार मास्टर प्लॅनमध्ये कायमचं ‘शेती’ म्हणून राखावं, आणि पुढच्या आराखड्यात ते पिवळं, म्हणजे निवासी करण्याची पळवाट ठेवू नये.

शेतकऱ्याला जमीन विकायची असेल तर तुम्ही त्याला अडवणार का?

नाही. हा प्रश्न जो शेतकरी विचारतो, तो चुकीचं काही विचारत नाही. कर्नाटकानं २०२० मध्ये जमीन सुधारणा कायदा बदलला आणि बिगर शेतकऱ्यालाही शेतजमीन घ्यायची वाट मोकळी झाली. शहराला लागून असलेल्या एकराला प्लॉटचा भाव आणि भाताला क्विंटलचा भाव, यांतली दरी बघितली तर कुणाचंही मन चळेल. शहराला पूर नको, थंडावा हवा, बासमती हवी, आणि या सगळ्याची किंमत एकट्या शेतकऱ्यानं सोसायची, हा अन्याय आहे.

मार्ग आहेत. रस्त्यासाठी किंवा उद्यानासाठी जागा सोडली की तिच्या बदल्यात विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची तरतूद कायद्यात आहे. तीच कल्पना शिवाराला लावता येईल. शेतकरी जमीन स्वतःकडे ठेवेल, कसत राहील, फक्त तिच्यावरचा बांधकामाचा हक्क खानापूर रोडवरच्या बिल्डरला विकेल. बिल्डरला दोन मजले जास्त मिळतील, शेतकऱ्याला पैसा, आणि शहराला शिवार. यासाठी नियम बदलावे लागतील, विधिमंडळात कुणीतरी ते मांडावं लागेल. दाट वस्तीचा फायदा शिवाराच्या मालकापर्यंत पोचवणारी याहून सरळ वाट मला दिसत नाही.

हलगा-मच्छे बायपास, रिंगरोड झाल्यावर वाहतूक कमी होईल ना?

काही अंशी होईल. पण रस्ता सुपीक शिवारातून नेला की दोन्ही बाजूंना ढाबे, शोरूम, गोदामं आणि मग लेआउट येतात. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेनं हे होताना आपण पाहिलंय. हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यामागे नुसती भरपाईची रक्कम नव्हती. रस्ता करायचाच असेल तर त्याच्या दुतर्फा बांधकामबंदीचा पट्टा आणि पाणी वाहून नेणाऱ्या पुरेशा मोऱ्या त्याच अधिसूचनेत असल्या पाहिजेत.

स्वस्तात मिळतो म्हणून बॉण्डवर प्लॉट घेतला. आता काय?

बॉण्डवरचा, म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या करारानं घेतलेला प्लॉट हा बहुतेक वेळा बिनशेती न झालेल्या जमिनीचा, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी नसलेला तुकडा असतो. तिथे बागेची जागा सुटत नाही, गटार नसतं, रस्ता पंधरा-वीस फुटांचा. घेणारा बहुतेक वेळा कष्टकरी असतो, त्याला दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. मंजूर लेआउटमधलं घर त्याच्या आवाक्यात नाही, म्हणूनच तो तिकडे जातो. शहराच्या आत छोटी, स्वस्त घरं बांधू दिली असती तर ही वेळ आली नसती.

घेण्याआधी निदान चार कागद बघा: जमिनीचा उतारा, बिनशेतीचा आदेश, बुडाची लेआउट मंजुरी आणि मास्टर प्लॅनमध्ये त्या सर्व्हे नंबरचा वापर. घेऊन झाला असेल, तर शेजारचे दहा-वीस जण मिळून एखादा कोपरा मोकळा सोडा. सगळं बांधून झाल्यावर ती जागा कुणी देणार नाही.

आमच्या लेआउटमध्ये बागेसाठी सोडलेल्या जागेवर बांधकाम सुरू झालंय.

मंजूर लेआउटचा नकाशा बुडाकडून माहितीच्या अधिकारात मागवा. त्यात उद्यान आणि मोकळी जागा वेगळी दाखवलेली असते, आणि लेआउट पूर्ण झाल्यावर ती सार्वजनिक होते. बिल्डरचा तिच्यावर हक्क उरत नाही. कर्नाटकात १९८५ चा उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जपण्याचा स्वतंत्र कायदा आहे. बेंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा परिसरातले रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं. बेंगळुरू मेडिकल ट्रस्टचा निकाल म्हणून तो ओळखला जातो. अर्जात त्याचा उल्लेख करा.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. आपल्याकडे मोकळ्या जागेवर पुष्कळदा समाजमंदिर किंवा देऊळ उभं राहतं, आणि मग कुणी बोलत नाही. श्रद्धेचा मान ठेवूनही सांगतो, ती जागा मुलांच्या खेळण्याची आहे. सामुदायिक कामांसाठी लेआउटमध्ये नागरी सुविधांची जागा वेगळी असते. पंचांनी ती मागून घ्यावी.

घरासमोरचं झाड तोडायला निघालेत. थांबवता येतं का?

आधी परवानगीचा कागद मागा. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ प्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते खासगी आवारातलं असलं तरी. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ अशा काही जातींना सूट आहे. रस्तारुंदीसारख्या सार्वजनिक कामात पन्नासपेक्षा जास्त झाडं जाणार असतील, तर जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. म्हणून कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात पन्नासच्या आत झाडं दाखवली जात नाहीत ना, यावर नजर ठेवा. कागद नसेल तर वन खात्याच्या कार्यालयाला फोन करा आणि फोटो काढून ठेवा. वाद घालत बसण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावतात की.

रोपं लावतात, पण कुठे लावतात? काँग्रेस रोडवरचं झाड गेलं आणि रोपं गावाबाहेरच्या माळावर लागली, तर काँग्रेस रोडवर चालणाऱ्याला सावली मिळत नाही. चाळीस वर्षांच्या झाडाची बरोबरी करायला रोपाला चाळीस वर्षं लागतात, तीही पहिले तीन उन्हाळे कुणी पाणी घातलं तर. त्याच वॉर्डात, नावानिशी जबाबदारी देऊन लावली असतील तरच भरपाई म्हणा.

फूटपाथवरच्या झाडाच्या बुंध्याला काँक्रीट लावलंय.

काढायला लावा. हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. मुळं गुदमरलेलं झाड दोन-तीन पावसाळ्यांनी वाऱ्यात आडवं होतं आणि मग ‘धोकादायक झाड’ म्हणून शेजारच्या झाडांवरही कुऱ्हाड येते.

तलाव, विहिरी यांचा दाट वस्तीशी काय संबंध?

जितकी माणसं जास्त, तितकं पाणी जास्त लागतं, आणि जितकं काँक्रीट जास्त, तितकं ते जमिनीत कमी जातं. बेळगाव राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांवर उभं आहे. पाऊस लांबला की दोन्हीकडे डोळे लागतात. पण हे विहिरींचंही शहर आहे. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत मोठी विहीर खोदली. ती काँग्रेस विहीर म्हणून आजही ओळखली जाते. नव्वदच्या दशकातल्या टंचाईनंतर जुन्या विहिरींचा गाळ काढून त्यांचं पाणी पुन्हा वापरात आणलं गेलं. ते शक्य झालं, कारण त्या वेळी आजूबाजूला पाणी मुरवणारी परडी होती. वरची जमीन बंद करून खालच्या विहिरीला पाण्याची आशा धरता येत नाही. किल्ल्याचा तलाव, कपिलेश्वर तलाव, जक्कीन होंडा यांच्याभोवती सुशोभीकरण करताना काठ काँक्रीटनं बांधून काढण्याची जी पद्धत पडली आहे, ती थांबली पाहिजे.

आम्ही निपाणीचे, खानापूरचे. आमच्याकडे कुठे एवढी गर्दी आहे?

म्हणूनच तुमच्याकडे वेळ आहे. निपाणीजवळ यमगर्णीला २०१९ आणि २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक ठप्प झाली. त्या पाण्याच्या खुणा आजच नकाशावर घ्या आणि त्या रेषेच्या आत बिनशेती होऊ देऊ नका. खानापुरात मलप्रभेच्या काठाचं तेच. शिवाय खानापूर तालुक्याला घाटाचं जंगल आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई याच तालुक्यातली. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर फार्महाऊससाठी डोंगर पोखरले जातात, त्याचा फटका खाली बेळगावच्या, सौंदत्तीच्या पाण्याला बसतो. गाव छोटं असताना बाजारपेठेभोवती तीन-चार मजले होऊ द्या आणि वेशीबाहेरची जमीन राखा. मोठं शहर झाल्यावर हे जमत नाही. बेळगावला विचारा.

नोटीस कन्नडमध्ये येते. मराठीत हरकत दिली तर चालते का?

राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. त्यामुळे मराठीत जरूर द्या आणि पोच घ्या. सोबत कन्नड प्रत जोडली तर सुनावणीत ती वाचली जाण्याची शक्यता वाढते. शेजारच्या कन्नड कुटुंबाला सोबत घ्या. बळ्ळारी नाल्याचं पाणी कुणाच्या घरात शिरताना भाषा विचारत नाही. या एका मुद्द्यावर हलग्याचा आणि वडगावचा शेतकरी एकाच बाजूला उभा आहे.

हरकत लिहायची तरी कशी?

‘पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे’ असं लिहिलेला अर्ज फायलीत जातो. सर्व्हे नंबर लिहा, नकाशाचा पत्रक क्रमांक लिहा, सध्याचा वापर आणि आराखड्यात दाखवलेला वापर लिहा, आणि तुम्हाला काय हवंय ते एका वाक्यात मागा. पुराच्या पाण्याचा तारखेसह फोटो जोडा. १९६१ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याप्रमाणे आराखडा अंतिम होण्याआधी हरकती मागवाव्याच लागतात, पण मुदत संपल्यावर आलेला अर्ज कितीही खरा असला तरी बाजूला ठेवतात. गल्लीतल्या एका तरी माणसानं महापालिकेच्या आणि बुडाच्या सूचनाफलकावर लक्ष ठेवावं. दहा घरांनी दहा वेगळे अर्ज दिले, तर शंभर सह्यांच्या एका अर्जापेक्षा जास्त नोंदी होतात.

माझं घर तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर आहे. एवढ्याशा जागेत मी काय करणार?

बरंच काही. बेळगावात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आठशे चौरस फुटांच्या छतावरून त्यातलं नव्वद हजार लिटरच्या जवळपास पाणी खाली येतं. ते गटारात सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात किंवा विहिरीत न्या. मागची चार फुटांची पट्टी फरशीखाली घालू नका, मातीची ठेवा. तिथे कढीलिंब, शेवगा, पपई आरामात येतात. समोर रस्त्याच्या कडेला जागा असेल तर बहावा, ताम्हण किंवा करंज लावा. वड-पिंपळ मैदानासाठी ठेवा, त्यांच्या मुळांना घराजवळ जागा पुरत नाही. रोप जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत ते मूळ धरतं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी पुरे होतं. लावण्याआधी वर विजेच्या तारा आणि खाली पाण्याची लाइन कुठून गेली आहे ते बघून घ्या, नाहीतर पाच वर्षांनी तेच झाड छाटायला माणसं येतील.